सालीच्या रंगाच्या सात टोप्या

आमच्या गॅनेट कोव्हमध्ये, या खाडीकाठच्या गावात, मासा म्हणजे कॉड. बाकी जे काही समुद्रात पोहतं त्याला त्याचं त्याचं नाव आहे. नुसतं मासा म्हटलं की कॉडच. तो फाडायचा, खारवायचा, माचांवर घालून वाळवायचा आणि मग त्याची प्रत लावायची, हा माझा धंदा. पहिली प्रत स्पेनला जाते, दुसरी मदेराला, आणि जी इथली कुत्रीही हुंगून सोडून देतात ती तिसरी, वेस्ट इंडीजच्या बेटांवर. गावचे व्यापारी लिडस्टोनसाहेब, त्यांच्या किनाऱ्यावर चौदा बायांची टोळी होती आणि अकरा उन्हाळे मी त्या टोळीची स्किपर होते. आमच्याकडे होडीवरच्या मुख्य पुरुषाला स्किपर म्हणतात, तसंच किनाऱ्यावरच्या मुख्य बाईलाही म्हणतात. माझं नाव ऑनर कोडी. पण त्या नावाने हाक मारतात ती फक्त पाद्री आणि घरची माणसं.

लग्न केलं नाही. एक पुरुष सांभाळण्यापेक्षा चौदा बाया सांभाळणं सोपं, हे मी विशीतच ताडलं होतं. या वसाहतीत बाईला कुणाची तरी मुलगी किंवा कुणाची तरी बायको म्हणून ओळखतात. मला स्किपर म्हणून ओळखायचे. हे मला किती आवडायचं ते मी कुणाला कळू दिलं नाही, पण आता सांगायला हरकत नाही.

दिवसभर माशांची प्रत लावणाऱ्या बाईला माणसांचीही लावायची खोड लागते. लिडस्टोनसाहेबांची प्रत मी पुष्कळ दिवस राखून ठेवली होती. वरून बघाल तर पहिली. उंच, गोरे, आवाज मऊ, प्रत्येकाच्या पोराबाळांची नावं तोंडपाठ. पण माशाला कधी कधी जास्त ऊन लागतं. तो दिसायला छान सोनेरी दिसतो, आणि अंगठा दाबला की आत भुसा. म्हणून अंगठा दाबल्याशिवाय मी प्रत लावत नाही, आणि साहेबांवर अंगठा दाबायची वेळ अकरा वर्षांत आली नव्हती.

साहेब आमचे असेंब्लीतले सभासदही होते, दोनदा निवडून आलेले. निवडणूक म्हणजे काय, तर शाळेत एक टेबल मांडायचं, टेबलामागे सरकारी कारकून, आणि कारकुनाच्या शेजारी खुर्चीवर स्वतः साहेब. माणसाने आत यायचं, टोपी काढायची आणि आपलं मत कुणाला ते मोठ्याने सांगायचं. साहेब प्रत्येकाला म्हणायचे, "आभारी आहे. घरी सगळं ठीक ना?" ज्याच्या घरातलं पीठ, मीठ, दोर, गळ, सगळं साहेबांच्याच दुकानातून आलेलं, तो दुसरं नाव कसं घेणार? गेल्या खेपेला आमचा एक तोतरा माणूस मध्येच अडकला, तर साहेबांनी स्वतःचं नाव त्याला पुरं करून दिलं.

पण आता कायदा बदलला होता. कागदावर खूण करायची, घडी घालायची आणि पेटीत टाकायची. कुणी कुणाला मत दिलं ते कुणालाच कळणार नाही. नोव्हेंबरात, अठराशे एकोणनव्वद साली, पहिल्यांदाच अशी निवडणूक व्हायची होती. साहेब या कायद्याच्या विरोधात असेंब्लीत तासभर बोलले म्हणे. माणूस आपलं मत लपवू लागला की त्याच्या चारित्र्याला कीड लागते, असा त्यांचा मुद्दा होता.

जुलैच्या मध्यावर साहेब किनाऱ्यावर आले ते काखेत लाल फ्लॅनेलचा गठ्ठा घेऊन.

"स्किपर, शिवणात तुझा हात कसा आहे?"

"माशाइतका चांगला नाही. पण टाके उसवत नाहीत."

"सात टोप्या हव्यात. शर्यतीसाठी."

शर्यत म्हणजे आमच्या राजधानीतली, सेंट जॉन्सची, ऑगस्टातली होड्यांची शर्यत. किडी विडीच्या तळ्यावर अख्खी राजधानी लोटते. त्यातली एक शर्यत मच्छीमारांची असते: सहा वल्ही आणि सुकाणूला एक, अशी सात माणसं. आमच्या कोव्हची होडी माझा धाकटा भाऊ अँब्रोजची. पहिलं वल्हं तो धरायचा आणि सुकाणूला आमच्या घरचेच झालेले म्हातारे थॅडीकाका बसायचे.

"मच्छीमारांच्या शर्यतीची बक्षिसं यंदा मी ठेवलीत," साहेब म्हणाले. "आपली माणसं आपल्या रंगात दिसायला हवीत."

"आमचा रंग लाल आहे हे मला आजच कळतंय, साहेब."

"माझा लाल आहे," ते हसले. हसले की खरंच चांगले दिसायचे. मग जरा जवळ येऊन म्हणाले, "तू हुशार आहेस, तुझ्यापासून काय लपवायचं. पेटीत काय पडतं ते आता देवालाच माहीत. डोक्यावर काय आहे ते मात्र सगळ्यांना दिसतं. गॅनेट कोव्ह लाल दिसला की बाकीचे कोव्ह बघतील आणि काय करायचं ते समजून घेतील."

मी गठ्ठा घेतला. साहेब दोन पावलं गेले आणि काहीतरी आठवल्यासारखे वळले.

"हो, आणि पुढच्या वर्षी या किनाऱ्यावर कुणाला ठेवायचं ते मी शर्यतीनंतर बघणार आहे. अकरा वर्षं म्हणजे पुष्कळ झाली, नाही? माझा भाचा पर्सी सध्या मोकळाच आहे."

माझ्या मागे ब्राइड व्हेलन मासे उलटत होती. टोळीत तिच्याइतका चपळ हात नाही आणि तिच्याइतकी लांब जीभही नाही. साहेब लांब गेल्यावर ती म्हणाली, "पर्सी? त्याला माशाची कातडी कुठली आणि मांस कुठलं ते दाखवायला आणखी एक माणूस लागेल."

मी हसले नाही. त्या दिवशी माझा हिशेब दुसरीकडेच चालला होता.

संध्याकाळी अँब्रोज आणि थॅडीकाका धक्क्यावर मासा फाडत होते. मी फ्लॅनेल त्यांच्यासमोर ठेवलं आणि कुणाचं, कशासाठी, तेवढं सांगितलं. किनाऱ्याचं सांगितलं नाही.

"मी नाही घालणार," अँब्रोज म्हणाला. सुरी थांबली नाही. "बोडक्याने वल्हवीन."

"टोपी ती टोपी," थॅडीकाका म्हणाले. "मी चार गव्हर्नर, तीन बिशप आणि एक बायको बघितली. प्रत्येकाने माझ्या डोक्यावर काही ना काही ठेवलं. डोकं आहे तसंच आहे."

"काका, तुमच्या डोक्यात काही शिरत नाही, म्हणून ते तसंच आहे."

"ते असेल. पण माझे कान शाबूत आहेत. तुझी बहीण काहीतरी गिळतेय. काय गं ऑनर?"

मग सांगावं लागलं. पर्सीचं नाव ऐकून अँब्रोजची सुरी थांबली. त्याने माशाचं डोकं धक्क्याच्या भोकातून खाली पाण्यात टाकलं.

"घालतो," तो म्हणाला.

"काय?"

"घालतो म्हटलं ना. एका टोपीपायी तुझा किनारा जायला नको. एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

मला हायसं वाटायला हवं होतं. तेच ऐकायला तर मी तिथे गेले होते, हे खोटं कशाला बोलू? पण अँब्रोज हे म्हणाला आणि त्याने मान खाली घातली. शाळेतल्या त्या टेबलासमोर, टोपी हातात घेऊन, आमचा बाप अगदी अशीच मान घालून उभा राहिलेला मी खिडकीतून बघितला होता. बापाने मान घातली ती पिठामिठासाठी. याने घातली ती माझ्यासाठी. म्हणजे साहेबांनी वजन माझंच वापरलं होतं, आणि मी ते मुकाट्याने वाहून आणून भावाच्या मानेवर ठेवलं होतं.

"मापं घेते," मी म्हणाले. "काका, तुम्ही आधी."

सातही टोप्या मी चार दिवसांत शिवल्या. चांगल्या शिवल्या. वाईट शिवून सूड घेणं मला जमत नाही.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जाळी किनाऱ्यावर येतात आणि सालीची कढई पेटते. जनावर मावेल एवढी लोखंडी कढई, तिच्यात स्प्रूसच्या झाडाची साल, कोवळे कोंब आणि कात घालून दिवसभर उकळायचं. पाणी काळंभोर होतं. त्यात जाळी बुडवायची, शिडं बुडवायची, मोजे, विजारी, दोर, जे जे पाण्यावर जाणार ते सगळं बुडवायचं, म्हणजे ते कुजत नाही. बाहेर निघतं ते एकाच रंगाचं: गडद, तांबूस तपकिरी, आणि वास असा की चार धुण्यांतही जात नाही. थॅडीकाका एकदा वाकून बघायला गेले तर दाढीचं टोक तीन महिने त्याच रंगाचं होतं. आमच्याकडे या रंगाला कुणी रंग म्हणत नाही. तो असतोच, जसं समुद्राला पाणी असतं.

ब्राइड लांब काठीने ढवळत होती. मी पिशवी उघडली आणि सातही टोप्या कढईत सोडल्या.

ब्राइडने बघितलं. काठी तशीच धरून म्हणाली, "स्किपर, ते लाल आहे."

"होतं."

"साहेब काय म्हणतील?"

"पाण्यावर जाणारं कापड आहे. न बुडवता पाण्यावर गेलेलं एक तरी कापड मला दाखव."

"दाखवते की. साहेबांचा रुमाल."

"तो कधी पाण्यावर गेलाय?"

तिने टोप्या काठीने खाली दाबल्या. तासाने बाहेर काढल्या तेव्हा उजेडात धरल्यावर त्यांच्यात अजून थोडी लाली दिसत होती, भाजलेल्या विटेसारखी. कुणी म्हणालं असतं, लालच आहेत, जरा मळल्यात. मी त्या हातात घेऊन उभी राहिले. इथे थांबले असते तर दोन्हीकडे बोलायला जागा होती. साहेबांना सांगता आलं असतं, लालच आहेत. स्वतःला सांगता आलं असतं, नाहीत.

"पुन्हा बुडव," मी ब्राइडला म्हणाले.

शर्यतीच्या आदल्या दिवशी टोप्या वाटल्या. अँब्रोजने आपली नाकाशी धरली, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मग डोक्यावर चढवली.

"जरा घट्ट आहे."

"डोकं मोठं झालंय."

"ऑनर, तुझा किनारा—"

"टोपी घालतो म्हणालास ना? घाल."

थॅडीकाकांनी आपली उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, दाढीला शोभेल.

ऑगस्टातल्या त्या बुधवारी वारा पडलेला होता. वारा असला तर शर्यत पुढे ढकलतात, म्हणून सगळे सकाळी आधी आभाळाकडे बघतात आणि मग चालायला लागतात. आम्ही आठ मैल चालून गेलो. तळ्याच्या काठाला तंबू, बँड, स्प्रूसच्या बिअरची पिंपं, डुकराच्या पायांची पातेली. अर्धी राजधानी शर्यत बघायला येते आणि उरलेली अर्धी त्या अर्ध्या राजधानीला बघायला. सरकारी तंबू वरच्या अंगाला, दोर बांधून वेगळा केलेला. त्यात साहेब दुर्बीण घेऊन उभे होते, बाजूला एक न्यायाधीश आणि छत्र्या घेतलेल्या चार बाया. मी दोराच्या अलीकडे, अगदी जवळ जागा धरली. ब्राइड माझ्याबरोबर होती.

"लाल टोप्यांकडे लक्ष ठेवा," साहेब बायांना सांगत होते. "ती माझी माणसं."

चार होड्या सुटल्या. साहेबांनी दुर्बीण लावली. डावीकडून उजवीकडे फिरवली आणि उजवीकडून परत डावीकडे.

"कुठे आहेत तुमची माणसं?" एका बाईने विचारलं.

"असतील. ऊन डोळ्यावर येतंय."

ऊन आमच्या पाठीमागे होतं.

काठावर मात्र मच्छीमारांना दुर्बीण लागली नाही. टॉर्बे, ब्लॅकहेड, पेटी हार्बर अशा आसपासच्या गावांचे लोक ओळीने उभे होते, आणि साहेबांचं लाल कापड गॅनेट कोव्हला गेल्याची बातमी त्यांच्याकडे आमच्या आधी पोचलेली होती. पहिल्यांदा एक म्हातारा हसला. मग मी बघितलं, ते हसू काठाकाठाने होडीच्या बरोबर पुढे सरकत होतं. कुणीतरी ओरडलं, "सालीत बुडवल्या रे, सालीत." दुसरा म्हणाला, "माझ्या बापाची विजार चाललीय बघ शर्यतीत." आणि मग टाळ्या. टॉर्बेची होडी पुढे होती, पण टॉर्बेचे लोकही आमच्या होडीला टाळ्या देत होते. हे मी त्या तळ्यावर आधी बघितलं नव्हतं.

तळ्याच्या वरच्या टोकाला पिंप तरंगतं, त्याला वळसा घालून परत यायचं. थॅडीकाकांनी वळसा इतका जवळून घेतला की त्या बाजूची वल्ही पिंपाला लागतात की काय असं वाटलं. तिथे एक होडी मागे टाकली. परतीला दुसरी टाकली. टॉर्बेची काही सापडली नाही. अर्ध्या होडीने हरलो. दुसरे आलो. पुढचा सबंध हिवाळा थॅडीकाका सांगत होते की आणखी शंभर हात पाणी असतं तर जिंकलो असतो. आणखी शंभर हात पाणी असतं तर टॉर्बेवाल्यांनीही वल्ही थांबवली नसती, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या नंबराचं बक्षीस होतं, सहा तेलकापडी कोट. सातही जण घामेजलेले, टोप्या डोक्यावर, तंबूसमोर उभे राहिले. साहेबांनी सहा कोट वाटले. हसू जागच्या जागी होतं, पण टोपीकडे एकदाही बघत नव्हते.

"साहेब, आम्ही सात आहोत," थॅडीकाका म्हणाले.

"सुकाणूवाला बसूनच तर असतो, काका."

"असेंब्लीतही बसूनच असतात, साहेब. पण तिथे कोट मिळतो असं ऐकलंय."

न्यायाधीशाला खोकला आला. छत्रीवाल्या एका बाईने सरळ विचारलं, "पण मिस्टर लिडस्टोन, टोप्या लाल असणार होत्या ना?"

आता साहेबांना बघावंच लागलं. त्यांनी अँब्रोजच्या डोक्याकडे बघितलं आणि मग गर्दीत मला शोधलं. मला शोधायला दुर्बीण लागली नाही. मी दोराखालून वाकून पुढे गेले. अँब्रोज काहीतरी बोलणार होता. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"ही आमची स्किपर," साहेब बायांना म्हणाले, आणि आवाज अगदी मऊ झाला. "माशात हिचा हात धरणारं कुणी नाही. पण बिचारीच्या हाताला सवय. जे दिसेल ते कढईत टाकायचं. लाल कापडही टाकलं असणार नजरचुकीने." मग माझ्याकडे वळले. "चूक झाली, होय ना ऑनर?"

अकरा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली.

मी त्यांना दुष्ट म्हणणार नाही. त्यांनी माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. 'हो' एवढंच म्हणायचं होतं. बाया हसल्या असत्या, साहेब हसले असते, मी मान खाली घालून दोरापलीकडे गेले असते आणि पुढच्या जूनमध्ये माझ्या किनाऱ्यावर असते. सात टोप्या मग सवयीच्या झाल्या असत्या, आणि काठावरचं ते हसू एका बावळट बाईवरचं.

"चूक नव्हती, साहेब," मी म्हणाले.

"काय?"

"लाल होत्या हे मला माहीत होतं. दोनदा बुडवल्या. पहिल्या खेपेला थोडं लाल उरलं होतं."

आमच्यामागे दोरापलीकडे बरीच माणसं होती, आणि ती सगळी दोराला रेटून पुढे वाकली. बँडवाले तेवढे आपले वाजवत होते.

"तू काय बोलतेयस ते तुला कळतंय?" आवाज मऊच होता. पण अंगठा आत गेला होता आणि आत काय आहे ते मला दिसत होतं. भीती होती. मला वाटलं होतं राग असेल.

"मासा तुमचा आहे, किनारा तुमचा आहे," मी म्हणाले. "अकरा वर्षं त्याची प्रत मी कधी घसरू दिली नाही. ही सात डोकी तुमच्या मालात मोजू नका, एवढंच."

"मग पुढच्या उन्हाळ्यात दुसरीकडे बघ."

"बघितलंय."

बघितलं नव्हतं. तेवढं एकच खोटं त्या दिवशी बोलले.

परतीच्या वाटेवर अँब्रोज दोन मैल काही बोलला नाही. कोट त्याने खांद्यावर टाकला होता. मग म्हणाला, "मी तर घालायला तयार होतो. तुझा किनारा वाचला असता."

"तू तयार झालास म्हणूनच."

त्याने विचार केला. आणखी एक मैल गेला. थॅडीकाका मागून म्हणाले, "तुम्ही दोघं असेच बोलत राहिलात तर घरी पोचेस्तोवर तीन वाक्यं होतील. आणि तो कोट मला दे, तुला काय करायचाय."

अँब्रोजने दिला.

नोव्हेंबरात मतदान झालं. साहेबांना शाळेत टेबलाशी बसायची आता परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी पर्सीला वही देऊन शाळेच्या दाराबाहेर उभा केला. लाल रिबिनींचा डबाही दिला होता: येणाऱ्याला रिबीन द्यायची, कोण घेतो आणि कोण नाही ते लिहायचं. म्हणजे पेटी बंद असली तरी वही उघडी.

हे आम्हाला आठ दिवस आधी कळलं, कारण पर्सीला गुपित आणि बढाई यांतला फरक कळत नाही. मग ब्राइड जुन्या शिडाचा एक तुकडा घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "टोपी कशी बेतायची ते दाखव." आठ दिवस सगळ्या बाया शिवत होत्या. आम्हाला मत नाही, सुई आहे. शिडाचं कापड आधीच सालीत मुरलेलं, नव्याने बुडवायचीही गरज नव्हती.

मतदानाच्या दिवशी कोव्हमधले सगळे अठ्ठावन्न मतदार एकामागून एक शाळेकडे आले, अठ्ठावन्नांच्या डोक्यावर त्याच रंगाची टोपी. थॅडीकाकांनी तर वरून कोटही घातला होता. पर्सी प्रत्येकापुढे रिबीन धरायचा. माणूस म्हणायचा, "धन्यवाद, हात ओले आहेत," आणि आत जायचा. आत गेल्यावर टोपी कुणी काढली नाही. कारकून नवा होता, त्याला वाटलं इथली रीत असेल.

आम्ही बाया समोरच्या कुंपणाशी उभ्या होतो. दुपारी पर्सी माझ्याजवळ आला. वहीचं पान कोरं होतं.

"मी लिहू काय यात?" त्याने विचारलं. खरंच विचारत होता, बिचारा.

"जे दिसतंय ते लिही."

"सगळे सारखेच दिसतायत."

"मग एकदाच लिही."

आमच्या पेटीत साहेबांना चार मतं पडली. सबंध मतदारसंघात ते सत्तावीस मतांनी हरले. त्या चारांचा हिशेब मी अजून लावतेय. एक सापडला. नाताळात थॅडीकाका स्वतःच म्हणाले, "एक माझं होतं गं. बायको गेली तेव्हा त्या माणसाने शवपेटीला फळ्या पाठवल्या होत्या. मी विसरत नाही."

"मग टोपी का घातलीत?"

"त्याने लाल रंग मागितला होता म्हणून. मत मी दिलं. मागून घेतलेलं नाही ते." मग जरा थांबून म्हणाले, "तू चिडलीस?"

"नाही," मी म्हणाले. त्यांची प्रत मी त्या दिवशी बदलली. वरची लावली.

असेंब्लीतली खुर्ची गेली तरी दुकान आणि किनारा साहेबांचाच होता. जूनमध्ये पर्सी किनाऱ्याचा स्किपर झाला. मी अँब्रोजच्या माचावर, तीस पावलांवर, त्याचा एकट्याचा मासा वाळवायला लागले. चौदा बायांऐवजी एक भाची हाताशी, ती अर्धा वेळ कावळे बघायची. किनाऱ्याकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि पहिले आठ दिवस ते पाळलंही.

नवव्या दिवशी दुपारी ऊन चांगलं होतं. साहेबांच्या सगळ्या माचांवर मासा मांस वर करून पसरलेला. पर्सी पिंपावर बसून पेपर वाचत होता. वारा अचानक पूर्वेला फिरला आणि माझ्या नाकाला तो गार ओलसर वास आला. आभाळात अजून काहीच नव्हतं. अर्ध्या तासात धुकं येणार होतं, आणि मांस वर असलेला मासा त्यात भिजला की तिसरी प्रत.

ब्राइडलाही कळलं असणार. ती पर्सीजवळ गेली, काही बोलली. त्याने आभाळाकडे बघितलं, निळं होतं, आणि परत पेपरात डोकं घातलं. ती माझ्याकडे वळून ओरडली, "काय करू गं?"

माझी टोपी डोक्यावर होती, सातांच्या कापडातून उरलेल्या तुकड्याची आठवी, तशीच दोनदा बुडवलेली. मी वाकले आणि अँब्रोजचा पहिला मासा उलटा केला, कातडी वर. मग दुसरा. मग तिसरा. घाई न करता, ओळीने, अकरा वर्षं करत होते तसंच.

तिसऱ्यानंतर मान वर केली. पलीकडे चौदाही बाया वाकल्या होत्या. सगळे मासे, एका टोकापासून, कातडी वर होत चालले होते.

पर्सी पिंपावरून उठला. "ए, थांबा. हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

ब्राइडने मानही वर केली नाही.

"स्किपरने," ती म्हणाली.